लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम सोल्डर्ड (बोर्डावरच पक्की), एक स्लॉट मोकळा: ८ टाकावी की १६?

८ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) लावली की ८+८ जुळतात आणि पूर्ण १६ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (एकाच वेळी दोन वाटांनी, म्हणून जास्त वेगाने) चालते. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला (प्रोसेसरमधलंच, हीच रॅम वापरणारं) त्याचा चांगलाच फायदा होतो. १६ची लावली तर एकूण २४. त्यातली १६ सहसा ड्युअल चॅनेलमध्ये, उरलेली ८ सिंगलमध्ये. तरीही सोलापुरात चादरी-टॉवेलची जॅकार्ड (विणीतल्या नक्षीची) डिझाइनं करणाऱ्यांनी १६च घ्यावी. रॅम संपून एसएसडीवर स्वॅप (रॅममधला डेटा तिथे हलवणं) सुरू झालं की जी रखडपट्टी होते, तिच्यापुढे सिंगल चॅनेलचा तोटा किरकोळ आहे. टॅली आणि ऑफिसपुरतं काम असेल तर ८ पुरे.

रॅम आणायला सोलापूरच्या नवी पेठेत जाण्याआधी सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये तुमची रॅम डीडीआर४ पिढीची की डीडीआर५ ते बघा. खाच वेगळ्या जागी असते, चुकीची स्टिक बसतच नाही. लॅपटॉप कंपनीने दिलेली रॅमची कमाल मर्यादाही तपासा. ३२०० वेगाच्या रॅमसोबत २६६६ची लावली तर दोन्ही २६६६ वरच धावतात.

बसवताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. यंत्रमागाच्या भागात स्लॉटमध्ये कापसाचे तंतू साचतात. ते मऊ कोरड्या ब्रशने काढा, तोंडाने फुंकू नका, ओलावा आत जातो. स्टिक तिरकी, पूर्ण आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही क्लिपा टक्कन बसल्या पाहिजेत. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, तेव्हा घाईने बटण दाबू नका.