हानफू की चीपाओ: पोशाख आणि प्रसाधनाची निवड

चिनी पारंपरिक पोशाख घेण्यापूर्वी तो कोणत्या काळाचा हवा आहे हे ठरवावे, कारण कापड, शिवण आणि चेहऱ्याची रंगभूषा त्यावरूनच ठरते. हानफू ही हान समाजाची, म्हणजे चीनमधील बहुसंख्य वांशिक समाजाची, छिंग या मांचू वंशाच्या राजवटीपूर्वीची (१६४४ पूर्वीची) वेशपरंपरा आहे. १६४५ मध्ये मांचू सत्तेने पुरुषांवर केशरचनेची व वेशाची सक्ती केल्यावर ती मागे पडली आणि २००३ च्या सुमारास तरुणांनी ती पुन्हा अंगावर चढवली. चीपाओ हा उभ्या कॉलरचा, स्त्रियांचा एकसंध झगा मात्र १९२० च्या दशकातील शहरी चीनचा, विशेषतः शांघायचा, आधुनिक वेश आहे.

स्त्रियांसाठी चीपाओ मेजवानीला शोभतो आणि पटकन घालता येतो. पण तो अंगाबरोबर बसणारा असल्यामुळे मापाने शिवलेलाच चांगला दिसतो, आणि जमिनीवर बसायचे असेल तर तो अडचणीचा ठरतो. हानफूचे बरेचसे प्रकार बंदांनी बांधायचे असल्याने वेगवेगळ्या बांध्यांना सामावून घेतात. त्यांतही तांग काळातील (६१८–९०७) छातीवर बांधायचा घागरा नवख्या व्यक्तीच्या अंगावरून घसरण्याची भीती असते, तर पुढे-मागे सपाट पट्टे व बाजूंना चुण्या असलेला मिंग काळाच्या (१३६८–१६४४) धाटणीचा मामियान घागरा कमरेवर पक्का बसतो आणि साध्या सदऱ्यावरही खुलतो. म्हणून पहिली खरेदी म्हणून मी तोच सुचवेन. तिरप्या गळ्याच्या वस्त्राची डावी बाजू नेहमी उजवीवर घ्यावी, कारण उलटी पद्धत मृतांच्या वस्त्रांशी जोडली जाते.

पुरुषांना गोल गळ्याचा, कमरपट्ट्याचा लांब झगा सर्वाधिक रुबाबदार दिसतो. ज्यांना त्याचा घोळ नको त्यांनी उभ्या कॉलरचे, गाठींच्या गुंड्यांचे तांगझुआंग जाकीट घ्यावे. २००१ च्या शांघायमधील एपेक (आशिया-पॅसिफिक देशांचा आर्थिक सहकार्य मंच) परिषदेत राष्ट्रप्रमुखांनी ते घातल्यापासून त्याचा बराच प्रसार झाला. त्याची घडण छिंगकालीन माग्वा या आखूड जाकिटावरून आली आहे, त्यामुळे नावात ‘तांग’ असले तरी तांगकालीन वेश म्हणून ते घेऊ नये.

प्रसाधनात तांग शैली सर्वांत ठळक आहे: पांढरा चेहरा, करडईच्या फुलांच्या रंगाचे लाल गाल, रुंद भुवया आणि कपाळावर ह्वादियान हे नक्षीदार चिन्ह. चीपाओबरोबर बारीक भुवया आणि गडद लाल ओठ शोभतात. जुन्या पांढऱ्या पावडरीत शिसे आणि ओठांच्या लालीत पाऱ्याचे संयुग असलेला हिंगूळ वापरला जाई. त्यामुळे शैली जुनी घ्यावी, पण प्रसाधने मात्र घटकांची यादी छापलेली आधुनिकच घ्यावीत. पुरुषांनीही संकोच करू नये. तिसऱ्या शतकातील वेई राज्याचा विद्वान ह यान त्याच्या गोऱ्या चेहऱ्यासाठी प्रसिद्ध होता, त्या काळच्या उच्चकुलीन पुरुषांत पावडर लावण्याची रीत होती, आणि तांग दरबारातून हिवाळ्यात अधिकाऱ्यांना ओठांचे मलम भेट दिले जाई. आजच्या समारंभासाठी पुरुषांना नीट आखलेल्या भुवया आणि तेवढे मलम पुरेसे आहे.