अजय-अतुल: आधी ‘नटरंग’ की ‘सैराट’?

दोन्ही चित्रपटांचं संगीत या संगीतकार भावांचंच, पण जात वेगळी. जानेवारी २०१० मध्ये आलेला ‘नटरंग’ तमाशाच्या मातीतला. गुरू ठाकूर यांचे शब्द, बेला शेंडेचा आवाज. ‘वाजले की बारा’त ढोलकी बोलायला लागली की पाय थांबत नाहीत.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ चा. गाणी चारच. त्यासाठी दोघे भाऊ थेट कॅलिफोर्नियाच्या सोनी स्टुडिओत गेले आणि तिथल्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. ‘याड लागलं’ हेडफोन लावून ऐका. व्हायोलिनांची लाट अंगावर येते, तरी अजयचा गावरान गळा तिच्यात बुडत नाही. ‘झिंगाट’ वरातीत वाजतंच, सांगायला नको.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी ‘सैराट’ देईन. माझ्याकडे मात्र ‘नटरंग’च जास्त वाजतो, ढोलकीपुढे माझं काही चालत नाही.