टेबलटॉप सेम: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर (जळगाव)

आमच्या कॉलेजात स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (एसईएम, म्हणजेच 'सेम', प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोताने इमेज काढणारा), टेबलावर मावणारा, पावसाळ्यात बसला आणि आता मे चालूये, तर जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. सगळे पहिला प्रश्न मॅग्निफिकेशनचाच विचारतात. तो आकडा सोडा हो, आमचं बहुतेक काम ५०० ते १०,००० पटीतच होतं.

कापूस घ्या. आपल्याकडे कापूस कोणाला नवा नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली तंतूचा पीळ दिसतोही, पण एक भाग फोकसमधे आणला की दुसरा धूसर होतो. सेममधे अख्खा पुंजका एकदम स्पष्ट दिसतो, पंधरा-वीस मायक्रॉन रुंदीचा चपटा तंतू, जागोजाग पिळलेला, त्यावरच्या बारीक रेघांसकट, आणि शेजारी पॉलिस्टर ठेवला की तो सरळसोट गुळगुळीत दांडा. मिक्स कापड ओळखायला पोरांना पुन्हा शिकवावं लागलं नाही!

पण कापसातून वीज वाहत नाही, म्हणून कोटिंग न करता १५ केव्हीवर (किलोव्होल्ट, इलेक्ट्रॉनच्या झोताचं व्होल्टेज) ठेवला तर चार्ज साचतो, पांढरे पट्टे येतात, इमेज सरकते. सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर आणि ५ केव्ही, यातच पृष्ठभाग नीट दिसतो. त्यामुळे स्पटर कोटर (हा सोन्याचा थर चढवणारं मशीन) बजेटमधे धराच, नंतर बघू म्हणू नका.

केळीच्या पानाला जास्त जपावं लागतं. ताजं पान सेमच्या आतल्या व्हॅक्यूममधे (निर्वात पोकळीत) आक्रसतं, पर्णरंध्रं वेडीवाकडी होतात, म्हणून आधी ग्लुटराल्डिहाइड (पेशींचा आकार टिकवणारं रसायन), मग अल्कोहोल ३० टक्क्यांपासून चढत १०० पर्यंत, मग वाळवणं. मात्र पानाखालची मेणाची पांढरी भुकटी बघायची असेल तर अल्कोहोल नको, ती धुऊन जाते, तुकडा सावकाश डेसिकेटरमधे (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) वाळवा. ती मेणाची कांडकी पहिल्यांदा स्क्रीनवर दिसली तेव्हा रावेरकडची, घरी केळी असलेली पोरं कितीतरी वेळ हलली नाहीत तिथून.

त्रास म्हणाल तर वीज आणि ऊन. यूपीएस, एसी दोन्ही लागतातच. टंगस्टन फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) जळणारच, स्पेअर जवळ ठेवा, आमचे लॅबवाले दादा आता स्वतः बदलतात. सर्व्हिसवाल्यांची वाट मात्र फार बघावी लागली. ईडीएस (मूलद्रव्यं ओळखणारा जोड) आम्ही घेतला नाही, काळ्या मातीतली मूलद्रव्यं बघायची असतील तर घ्या.

धुळे-नंदुरबारकडून कोणी सॅम्पल आणणार असेल तर नीट वाळवून आणा, ओलं असलं की व्हॅक्यूम लागतच नाही.