आठ महिने एक्सआरएफवर कोळसा तपासताना

आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर बसणारं एक्सआरएफ यंत्र, म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण टाकून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, येऊन आठ महिने झाले. त्याआधी कोळशातल्या राखेचं प्रमाण काढायचं म्हणजे एक ग्रॅम कोळसा मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत) टप्प्याटप्प्याने 815 अंशांपर्यंत तापवायचा, गार होऊ द्यायचा, मग वजन. आकडा हातात पडेपर्यंत तो कोळसा बॉयलरमध्ये जळूनही गेलेला असायचा.

विकत घेणाऱ्यांचा हमखास गैरसमज होतो म्हणून आधीच सांगते, हे यंत्र उष्मांक मोजत नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन त्याला दिसतच नाहीत, ओलावाही नाही. दिसतं ते सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह आणि गंधक. उष्मांकासाठी बॉम्ब कॅलरीमीटर लागतोच.

गंधकावर मात्र मी बेहद्द खूश आहे. काही मिनिटांत एकूण गंधक कळतं. पण तिथवर पोचायला दोन महिने गेले. एकाच पिशवीतल्या कोळशाच्या दोन पेलेट (पूड दाबून केलेल्या चकत्या) दाबल्या, एकीत गंधक 0.6 टक्के, दुसरीत 0.8. पुरवठादाराच्या माणसाने कॅलिब्रेशन पुन्हा केलं, फरक तसाच. शेवटी पेलेट भिंगाखाली धरली. काळ्याभोर पृष्ठभागावर पितळेसारखा चमकणारा एकच कण, पायराइटचा, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचा! गंधकाचे क्ष-किरण कोळशाच्या वरच्या काही डझन मायक्रॉनमधूनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बाहेर येतात, सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचे तर त्याहून उथळातून. 212 मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली पूड भट्टीला चालते. या यंत्रापुढे तो कण म्हणजे डोंगर. आता रिंग मिलमध्ये पूड 75 मायक्रॉनखाली नेतो, तेव्हापासून जोडीच्या पेलेट जुळतात. दळण्याला मोजण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो. जास्त गंधकाच्या नमुन्यानंतर पेलेट दाबायचा साचा, म्हणजे डाय, नीट पुसली नाही, तर पुढचा चांगला कोळसा उगाच बदनाम होतो.

हेलियमचंही एक सांगायला हवं. नमुना आणि डिटेक्टर यांच्यामध्ये हवा असली की हलक्या मूलद्रव्यांचे किरण वाटेतच गिळले जातात, म्हणून तिथे सिलिंडरमधून हेलियम सोडतात. एका संध्याकाळी सगळ्या नमुन्यांचं अ‍ॅल्युमिनियम धाडकन खाली आलं, सिलिकॉन त्याखालोखाल, लोह मात्र जागच्या जागी. असा उतरता क्रम दिसला की कोळशाकडे बघू नका, हेलियमच्या सिलिंडरचा गेज बघा.

राखेचा आकडा हा यंत्राने मोजलेला नसतो, मूलद्रव्यांवरून बांधलेला अंदाज असतो. नेहमीच्या खाणीच्या कोळशाला तो उत्तम बसला होता. मग दुसऱ्या ठिकाणचा, कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) भरपूर असलेला कोळसा आला आणि अंदाज भट्टीच्या आकड्यापासून बराच भरकटला. कॅल्साइटमधला कार्बन डायऑक्साइड भट्टीत उडून जातो, काही गंधक कॅल्शियमला चिकटून राखेतच राहतं. जुन्या समीकरणाला हे ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक स्रोताचं कॅलिब्रेशन वेगळं ठेवलंय. प्रमाणित संदर्भ नमुन्यांवर भागेल असं विक्रेते म्हणतात, माझं मत वेगळं आहे. आपल्याच कोळशाचे, भट्टीवर तपासलेले पुरेसे नमुने नसतील तर हे यंत्र घेऊ नये.

ज्या कामासाठी घेतलं नव्हतं, त्यात त्याने सगळ्यात जास्त दिलं. राखेची पेलेट करून लोह, कॅल्शियम, पोटॅशियम एकीकडे आणि सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम दुसरीकडे असं गुणोत्तर काढलं की ही राख बॉयलरच्या नळ्यांवर वितळून चिकटण्याचा धोका किती, याची चाहूल लागते. सोडियमही यात धरायचं असतं, पण या यंत्राच्या सोडियमवर मी विसंबत नाही. गेल्या महिन्यात लोह चढलेलं दिसलं, तेव्हा बॉयलरवाल्यांना माल पेटवायच्या आधी फोन करता आला आणि त्यांनी तो दुसऱ्या कोळशात मिसळून वापरला.

यंत्राचा आकडा सरकला नाही ना हे बघायला रोज सकाळी तीच जुनी मॉनिटर पेलेट आधी लावते, वहीत आकडा लिहिते. प्रत्येक पाळीतले दोन नमुने अजूनही भट्टीत जातात.