ज्येष्ठता यादीत नाव खाली गेलं असेल तर: संभाजीनगरच्या एका सेवाविषयक सल्ला कार्यालयाचा अनुभव

सरकारी खात्यात अभियंता आहात आणि पदोन्नतीचा क्रम ठरवणारी तात्पुरती ज्येष्ठता यादी उघडल्यावर स्वतःचं नाव पानभर खाली सापडलंय, अशांसाठी हे लिहितेय. छत्रपती संभाजीनगरला एक निवृत्त आस्थापना अधीक्षक आणि त्यांच्या वकील सूनबाई मिळून छोटं कार्यालय चालवतात. हरकती, निवेदनं, माहिती अधिकाराचे अर्ज, आणि वेळ आलीच तर मॅटमधला, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातला, मूळ अर्ज. वकिलांना जाहिरात करायला बंदी असते, म्हणून नाव इथे टाकत नाही. मॅटच्या संभाजीनगर खंडपीठात ज्याचं काम पडलंय अशा कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

माझं प्रकरण असं. स्थापत्य पदविका, सरळसेवेनं (पदोन्नतीनं नव्हे, थेट भरतीतून) कनिष्ठ अभियंता, निवड यादीत क्रमांक बराच वर. नेमणुकीचा आदेश आला तेव्हा बाळंतपण तोंडावर होतं. रुजू व्हायला मुदतवाढ मागितली, ती लेखी मिळाली, आणि वाढवून दिलेल्या मुदतीत मी रुजू झाले. पुढे पदोन्नतीसाठी यादी निघाली ती सरळ रुजू तारखेनं लावलेली. निवड यादीत माझ्या खाली असलेले माझ्या वर गेले. आमच्याच बॅचच्या आणखी दोघींचं हेच झालं होतं. साइटवर बाप्यांच्या बरोबरीनं उन्हात उभं राहायचं, मोजमाप पुस्तकं भरायची, आणि मूल झालं म्हणून आयुष्यभर मागे राहायचं, हे मला मान्य नव्हतं. कार्यालयात मात्र एकच ऐकू येई: "मॅडम, आता जुनं कशाला उकरता?"

अधीक्षक साहेबांनी माझी हकीकत अर्ध्यावर थांबवली आणि एक आखलेला फुलस्केप कागद पुढे सरकवला. रकाने असे: निवड यादीतला क्रमांक, नेमणूक आदेशाचा दिनांक, रुजू दिनांक, मुदतवाढीच्या पत्राचा जावक क्रमांक, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक, शेरा. माझ्या वरची दहा आणि खालची दहा नावं मलाच भरायला लावली. म्हणाले, "कोण वर गेलं ते राहू द्या. कोणत्या तारखेमुळे गेलं ते आधी शोधू."

या कार्यालयाचं खरं मोल मला याच कागदात वाटतं. आमच्या खात्यांत पदोन्नतीचा वाद निघाला की दुसऱ्या मिनिटाला माणसं गटात वाटली जातात: पदवीवाले विरुद्ध पदविकावाले, सरळसेवा विरुद्ध पदोन्नत, खुला विरुद्ध राखीव. पदोन्नतीतलं आरक्षण देणारा 25 मे 2004 चा शासन निर्णय उच्च न्यायालयानं 4 ऑगस्ट 2017 ला रद्द ठरवला, आणि 7 मे 2021 च्या शासन निर्णयानं पदोन्नतीची पदं 25 मे 2004 रोजी असलेल्या ज्येष्ठतेनुसार भरायची असं ठरलं. तेव्हापासून तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलणं अवघड झालंय. माझ्या यादीबद्दलही "राखीववाले वर चढले" असं पसरलंच होतं. कागद भरल्यावर दिसलं की वर गेलेल्यांत सगळ्या प्रवर्गांचे लोक आहेत आणि खाली ढकललेल्या आम्ही तिघी उशिरा रुजू झालेल्या बायका. चूक यादी लावणाऱ्याची होती. सहकाऱ्यांवर राग धरण्याचं कारणच उरलं नाही.

मग साहेबांनी 1982 चे ज्येष्ठतेचे विनियमन नियम काढले. एकाच बॅचमधल्या सरळसेवेच्या उमेदवारांची आपसातली ज्येष्ठता निवडीच्या गुणवत्ता क्रमानं लागते, फक्त उमेदवार आदेशापासून तीस दिवसांत किंवा सक्षम अधिकाऱ्यानं वाढवून दिलेल्या मुदतीत रुजू झालेला हवा. आता 2021 चे नियम आलेत, पण माझी नेमणूक जुन्या नियमांच्या काळातली. म्हणजे सगळं प्रकरण त्या एका मुदतवाढीच्या पत्रावर उभं. माझी प्रत घरी होती, कार्यालयाच्या फाइलमध्ये ती नव्हती. साहेबांनी जावक नोंदवहीतल्या त्या पानासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपये शुल्क. इतरांचे गोपनीय अहवाल मागायचे नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितलं, कारण वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो आणि महिना वाया जातो.

सूनबाई कायद्याची बाजू बघतात आणि समजेल असं सांगतात. माझ्या आधी बसलेल्या एका उपअभियंत्यांची पदोन्नती गोपनीय अहवालातल्या, त्यांना न कळवलेल्या शेऱ्यावरून अडली होती. त्यांना सूनबाईंनी देव दत्त खटला समजावला: सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता, एका वर्षीचा 'चांगला' हा शेरा, निकष मात्र 'खूप चांगला'चा. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे. मला त्यांनी 2 मे 1990 चा घटनापीठाचा निकाल दाखवला. ज्येष्ठतेच्या वादात देशभर ज्याचा आधार घेतात, तो खटला महाराष्ट्रातल्याच सरळसेवेच्या वर्ग दोन अभियंत्यांच्या संघटनेचा. नियमानुसार नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून धरायची, कायम झाल्याच्या तारखेपासून नाही, हे तिथलं पहिलंच सूत्र. माझ्या हरकतीत त्याची गरज नव्हती आणि त्यांनी तो उगाच घुसडलाही नाही. हे मला फार आवडलं.

फाइलच्या कव्हरवर सूनबाई लाल पेनानं मुदतीची तारीख लिहितात. निवेदन दिल्यावर सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या एका वर्षात मॅटमध्ये जावं लागतं. निवेदनावर निवेदन देत बसल्यानं ती मुदत वाढत नाही. आपल्यातले कितीतरी चांगले अभियंते इथेच हरतात. मनापासून सांगते, ही तारीख आजच लिहून ठेवा.

हरकतीच्या मसुद्याचे दीड हजार घेतले, पावती दिली. मसुदा दोन पानांचा, सोबत तो तक्ता आणि मुदतवाढीच्या पत्राची प्रत. अंतिम यादीत आम्हा तिघींची नावं गुणवत्ता क्रमानं लागली. मानीव दिनांकाचा (पदोन्नती आधीच्या तारखेपासून मिळाली असं धरण्याचा) प्रस्ताव अजून फाइलवर आहे, त्याचा पाठपुरावाही तेच करतायत.

उणिवा आहेत. टंकलेखन जुन्या फॉन्टमध्ये होतं, त्यामुळे मसुद्याची फाइल मेलनं उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हं दिसतात. पीडीएफच मागून घ्या. फोन क्वचित उचलतात. वेळ देऊनही तास-दीड तास बसावं लागतं, आणि जिना इतका उभा आहे की दिव्यांग सहकाऱ्यांना वर जाणं अशक्य. समान संधीची कामं करणाऱ्यांनी हे आधी सुधारायला हवं, तसं मी त्यांना सांगितलंही. विभागीय चौकशी चालू असलेली प्रकरणं ते घेत नाहीत, त्यासाठी दुसरा वकील बघावा लागेल.

पाचपैकी चार तारे. शनिवारी सकाळी लवकर जा, आणि जाताना सेवापुस्तकाची प्रत, निवड यादी, नेमणूक आदेश, रुजू अहवाल आणि यादीवर हरकत घेण्याची मुदत सांगणारं परिपत्रक घेऊन जा.