ब्रेक पेडल स्पंजी: आधी एअर काढायची की होज दाबून बघायचे?

जुन्या गाडीचं ब्रेक पेडल स्पंजी, म्हणजे दाबताना मऊ लागायला लागलं की बहुतेक जण एकच करतात: ब्रेक ऑइल भरायचं, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली एअर काढायची (म्हणजे ब्लीड करायचं) आणि काय होतंय ते बघायचं. दुसरी पद्धत कमी वापरात आहे. काहीही न उघडता चाकांकडे ब्रेक ऑइल नेणारे रबरी होज (नळ्या) क्लॅम्पने दाबून बंद करायचे, मग एकेक सोडत पेडल कधी मऊ होतं ते पाहायचं. मी दोन्ही वापरल्या आहेत.

पण मुळात पेडल खरंच स्पंजी आहे ना? पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचे) वायसर, म्हणजे रबरी सील, आतल्या आत ऑइल सोडतायत. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्याला वर आणि कडक लागत असेल, तर आधी मागच्या ड्रम ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) अ‍ॅडजस्ट करून बघा. यात एअरचा संबंध नसतो, तरी खापर तिच्यावरच फुटतं.

एअर काढण्याचा मोठा फायदा म्हणजे ऑइलही बदलून होतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की त्याच्याकडून 155 अंशांचीच अपेक्षा धरता येते. लांब उतारावर पेडल मऊ आणि गार झाल्यावर पुन्हा ठीक, असं होत असेल तर क्लॅम्पच्या भानगडीत न पडता सरळ ऑइल बदला.

माझं मन फिरलं ते एका कटकटीमुळे. एअर काढून पेडल सुधारतं, पण कशामुळे सुधारलं ते कळत नाही. चारही चाकं एकाच बैठकीत उघडलेली असतात. काही दिवसांनी पेडल पुन्हा मऊ झालं की हाती धागा काहीच नसतो. मग अंदाजाने मास्टर सिलिंडर बदला, नंतर कॅलिपरचं (चाकाच्या डिस्कला पकडणाऱ्या भागाचं) सील किट टाका, आणि प्रत्येक वेळी एअर काढायचे गंजलेले निपल पुन्हा सोडवा. त्यातला एखादा तुटला की काम कुठल्या कुठे जातं! शिवाय पंप मारताना पेडल तळापर्यंत गेलं, तर वायसर सिलिंडरच्या एरवी न वापरलेल्या, गंज आणि मळ साचलेल्या भागात घुसतात आणि फाटू शकतात. एअर काढायचीच असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवलेला बरा.

क्लॅम्पची पद्धत निदान प्रश्नाचं उत्तर देते. इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबायचं, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपतो. मग सगळे होज वरच्या, म्हणजे चाकापासून लांबच्या टोकाला बंद करायचे. तरी पेडल मऊच असेल तर दोष मास्टर सिलिंडर किंवा त्याच्या लाइनमध्ये. टणक झालं तर एकेक क्लॅम्प सोडत जायचं. थोडं खाली प्रत्येक वेळी जाईलच, पण पुढची डावी-उजवी चाकं एकमेकांशी ताडून बघा, फरक पायाला कळतो. संशयित चाकाचा क्लॅम्प मग कॅलिपरजवळ लावायचा. आता पेडल मऊ लागलं तर होजच फुगतोय. टणक राहिलं तर गडबड कॅलिपरमध्ये. तिथे निपलची जागा जरूर बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदलीने बसला असेल तर निपल खाली येतो आणि वर अडकलेली हवा कितीही ब्लीड केलं तरी निघत नाही.

अर्थात ही पद्धत सरसकट चालत नाही. स्टीलच्या जाळीचे होज दाबू नयेत, आणि साधा पकड-पाना तर अजिबात लावू नये. गुळगुळीत, गोल कडांचा क्लॅम्पच हवा. तडे गेलेला होज दाबला तर आतलं रबर सुटू शकतं. असा होज असेल तर मी चाचणीच्या आधीच नवा टाकेन, कारण तो तसाही बदलायचाच असतो. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली असेल तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतोच.

तुमच्या गाडीचं ऑइल खूप जुनं असेल तर एअर काढण्यापासून सुरुवात केली म्हणून काही बिघडत नाही. मी मात्र आता क्लॅम्प आधी उचलतो. चाचणी झाली की सगळे क्लॅम्प मोजून काढा, इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी प्रत्येक होजवर ओल दिसते का ते बघायला सांगा. त्यानंतरच गाडी जागची हलवा.