बीएमएक्सचं मागचं हब गेलं: फ्रीव्हील, कॅसेट की फ्रीकोस्टर?

बीएमएक्स, म्हणजे कसरतींच्या छोट्या सायकलच्या पायडलवर जोर दिला की ‘कट्’ आवाज होऊन पाय रिकामा जातो. खर्च करण्याआधी पाहा: चेन दातांवरून उडते, की चेन जागेवर असून आतून घसरतं? चेन उडत असेल तर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) दोष देऊ नका. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. १२ पूर्णांक १/८ इंच भरल्या तर चेन संपली. मागचे दातही झिजलेले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन त्यांच्यावर आणखी उडेल.

आतून घसरत असेल आणि सायकल कंपनीतून आली तशीच, १६ दाती फ्रीव्हीलची (हबवर आट्यांनी बसणारं, एकाच दिशेने पकडणारं दातेरी चक्र) असेल, तर नवं फ्रीव्हील सगळ्यांत स्वस्त. ते पायडल मारून मारून आवळत जातं, म्हणून काढायला चार खाचांचा पाना आणि तो घट्ट धरणारा बेंचवाइस लागतो. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवात हातानेच फिरवून करा. अॅल्युमिनियमच्या हबचे आटे एकदा वाकडे कापले गेले की हबच भंगारात.

कॅसेटमध्ये दात आणि हब एकाच जोडणीचे, मागे ९ दाती ड्रायव्हर (हबमध्ये बसणारा, चेन ओढते तो दातेरी भाग). रोज रस्त्यावर किंवा स्केटपार्कमध्ये कसरती करणाऱ्याने डोळे झाकून हेच घ्यावं. पण खर्च हबपाशी थांबत नाही. पुढे ४४ आणि मागे १६ दातांचं गुणोत्तर २.७५, पुढचं ४४ तसंच ठेवून मागे ९ लावलं तर ४.८९, म्हणजे चढावर पाय हलणार नाही. पुढे २५ दाती स्प्रॉकेट (दातेरी चक्र) हवं (२.७८). चेनही साधारण १३ कड्यांनी आखूड होते. साध्या चेनमध्ये १२ किंवा १४च काढता येतात, उरलेला फरक चाक पुढे-मागे सरकवून भरायचा. लहान दातांवर चेन लवकर झिजते, तेवढं सोसायचं.

कॅसेटच घसरत असेल तर आधी ड्रायव्हर काढून रॉकेलने धुवा, पॉल (आत अडकून चाक ओढणारे छोटे खटके) आणि त्यांच्या स्प्रिंगा तपासा. पॉलवर पातळ तेलच द्या. घट्ट ग्रीस भरलं की पॉल आत चिकटतात, ऐन जोरात पाय निसटतो आणि गुडघा हँडलबारवर.

फ्रीकोस्टर फक्त उलटं जाणाऱ्यांसाठी. कॅसेटवर फेकी मारताना, म्हणजे सायकल उलटी जाताना, चाकाबरोबर पायडलंही उलटी फिरतात, फ्रीकोस्टरवर पाय स्थिर राहतात. बदल्यात पुढे पायडल मारताना क्लच (पायडलचा जोर चाकाला जोडणारा आतला भाग) पकडेपर्यंत थोडं अंतर रिकामं जातं. हे अंतर कमी-जास्त करता येतं, पण फार कमी केलं तर उलटं जाताना क्लच मध्येच पकडतो. शिवाय वजन जास्त, किंमत जास्त, उघडणंही जास्त. नवशिक्यांनी केवळ हौसेपोटी घेऊ नये.

हब बदलायचं म्हणजे बहुतेक ३६ आरे नव्याने विणून आउट (चाकाचा वाकडेपणा) काढायचं, आणि फ्लँजचा (आरे बसतात त्या हबच्या कडेचा) व्यास बदलला की जुने आरे लांबीला बसत नाहीत. मजुरी आणि आऱ्यांचा हिशेब केला तर विणलेलं २० इंची चाकच अनेकदा परवडतं. मात्र फ्रेमची खाच (ड्रॉपआउट, जिथे मागच्या चाकाचा अॅक्सल बसतो) आधी मोजा. ती १४ मिमीची असेल तर १० मिमीचा अॅक्सल अॅडॅप्टर घालून बसतो, उलट नाही. कानस घेऊन खाच रुंदावण्याच्या फंदात पडू नका, ड्रॉपआउट तिथेच तडकतो.